बालशिक्षण केंद्र चालवण्याचं कॉलेजातलं शिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालवाडी, पूर्वप्राथमिक शाळा किंवा पाळणाघर चालवण्याचं रीतसर शिक्षण मिळतं का, ते घ्यावं का, असं विचारणारे साधारण तीन प्रकारचे लोक असतात. वर्षानुवर्षं वर्गात रमलेल्या आणि आता एकाएकी प्रमुख झालेल्या शिक्षिका, स्वतःचं केंद्र काढू पाहणारे, आणि योग्य माणूस नेमायच्या विचारात असलेले विश्वस्त. त्यांचे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, गुंतागुंतीचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. या अभ्यासक्रमात नेमकं काय शिकवतात? शिक्षिकेच्या अभ्यासक्रमापेक्षा तो वेगळा कसा?

शिक्षिकेच्या अभ्यासक्रमात सगळं लक्ष मुलावर असतं. तीन वर्षांचं मूल कसं बोलतं, का रुसतं, ठोकळे रचताना त्याच्या डोक्यात काय चालतं. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात याची ओळख आहे असं धरून चालतात आणि नजर त्या मुलाशेजारी बसलेल्या ताईकडे वळवतात. तिच्या गटात किती मुलं आहेत, तिला तयारीला वेळ मिळतो का, ती आजारी पडली तर तिच्या जागी कोण येणार, तिचा पगार वेळेवर होतो का. मूल ज्या शांतपणाने शिकतं तो शांतपणा बऱ्याच अंशी केंद्रप्रमुखाच्या टेबलावर ठरतो, हे या शिक्षणाचं मूळ गृहीतक आहे आणि मला ते शंभर टक्के पटतं.

विषयांची नावं कॉलेजागणिक बदलतात. बालविकास, अभ्यासक्रमाचं नियोजन, कर्मचाऱ्यांची निवड आणि मार्गदर्शन, अंदाजपत्रक, कायदे आणि परवाने, आरोग्य आणि सुरक्षा, पालकांशी संबंध, दर्जाचं मूल्यमापन हे मात्र बहुतेक ठिकाणी सापडतात.

२. मी बरीच वर्षं मुलांना शिकवते आहे. आता प्रमुख होणार. अनुभव पुरेसा नाही का?

अनुभव हे तुमचं मोठं भांडवल आहे, त्याला पर्याय नाही. पण तो मुलांबरोबरचा आहे. उद्यापासून तुमचं काम मोठ्या माणसांबरोबर सुरू होईल. काल जिच्याबरोबर डबा खाल्ला त्या मैत्रिणीला ती रोज उशिरा येते म्हणून समज द्यावी लागेल. चांगल्या शिक्षिका प्रमुख झाल्यावर इथेच अडखळतात. वर्गात काही बिघडलं की त्या स्वतः जाऊन मुलांना सांभाळतात. त्या दिवसापुरतं भागतं, पण ताई काही शिकत नाही आणि कार्यालयातलं काम रात्री घरी येतं.

इंग्लंडमध्ये १९९७ साली सुरू झालेल्या ‘ईपीपीई’ या पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या परिणामांच्या अभ्यासात सुमारे ३,००० मुलांचा अनेक वर्षं माग ठेवला गेला. कर्मचाऱ्यांचं, आणि त्यातही प्रमुखाचं, शिक्षण जिथे अधिक होतं तिथे केंद्राचा दर्जा वरचा आढळला. प्रमुख दिवसभर मुलांसमोर नसतो, तरी त्याच्या शिक्षणाचा माग मुलांपर्यंत लागतो.

३. माझ्याकडे व्यवस्थापनाची पदवी आहे, बालशिक्षणाची नाही. मला थेट केंद्र चालवता येईल का?

हिशेब, भरती, करार यांत तुम्ही पुढे असाल. अडचण येते ती एका गोष्टीत: इथला ‘वाया गेलेला वेळ’ बहुतेकदा वाया गेलेला नसतो. दोन वर्षांचं मूल बूट घालायला बारा मिनिटं घेतं आणि ताई तिथे नुसती बसून राहते. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काटकसरीला वाव दिसतो. बालविकास शिकलेल्याला त्या बारा मिनिटांत हाताचं कौशल्य, धीर आणि ‘मला जमलं’ ही भावना दिसते. ही नजर नसेल तर अंदाजपत्रकातली कात्री नेमकी चुकीच्या जागी चालते. म्हणून तुम्ही व्यवस्थापनाचे विषय वगळून बालविकास, निरीक्षण आणि प्रात्यक्षिक तेवढं घ्या. अनेक कॉलेजं आधीच्या पदवीचे श्रेयांक धरतात. ते प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

४. किती वर्षं लागतात आणि पात्रता काय?

यात सगळ्या जगाचं एक उत्तर नाही. काही महिन्यांचं प्रमाणपत्र, एक-दोन वर्षांची पदविका, तीन-चार वर्षांची पदवी आणि नोकरी करणाऱ्यांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम, असे चार दरवाजे साधारण सगळीकडे असतात. कोणत्या दरवाजाने गेलं म्हणजे प्रमुख होता येईल, हे तिथला कायदा ठरवतो.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. तिथलं ‘सीडीए’ हे पायाभूत प्रमाणपत्र १२० तासांच्या प्रशिक्षणावर आणि ४८० तासांच्या कामावर मिळतं, पण ते वर्गात काम करण्यासाठी आहे. प्रमुखपदासाठी अनेक राज्यं त्यापुढचं शिक्षण मागतात. इंग्लंडने २०२२ साली बालशिक्षणातल्या नेतृत्वासाठी राष्ट्रीय पात्रता सुरू केली, ती नोकरी सांभाळून १८ महिन्यांत करता येते. भारतात २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अंगणवाडी सेविकांसाठी बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचं प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका सुचवली. तीही शिकवण्याची तयारी आहे, केंद्र चालवण्याची नव्हे. हा फरक जाहिरातीत बऱ्याचदा पुसला जातो, म्हणून अभ्यासक्रमाचं नाव न पाहता विषयांची यादी पाहा.

५. फ्रोबेल, मॉन्टेसरी अशा बालशिक्षणाच्या प्रवर्तकांचा इतिहास कशाला शिकवतात? मला तर केंद्र चालवायचं आहे.

त्या इतिहासाकडे कारभाराच्या नजरेने पाहिलं तर तो फार उपयोगाचा आहे. मारिया मॉन्टेसरी यांचं पहिलं बालगृह १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीत उघडलं, ते इमारतींच्या मालक कंपनीच्या गरजेतून. आईवडील कामाला गेले की मागे राहिलेली मुलं नव्या इमारतींची नासधूस करत, त्यांना सांभाळायला कुणीतरी हवं होतं. इटलीतच रेज्जो एमिलिया शहराच्या बालशाळांत प्रत्येक वर्गाला दोन शिक्षक, शाळेत कलाकामासाठी एक खास खोली आणि स्वयंपाकी माणसालाही शिक्षणाच्या कामात स्थान, अशी रचना झाली. ती तत्त्वज्ञानाइतकीच वेतनपत्रकाची निवड आहे.

ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या आणि त्यांना दिसलं की गरीब आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत पोचतच नाहीत. त्यांनी बालवाडीच पाड्यावर, अंगणात नेली. मुलं येत नाहीत, तर त्यांच्या घरच्या वेळा आणि अंतरं पाहून केंद्र हलवायचं, हा कारभाराचा निर्णय होता. ‘हजेरी का कमी आहे’ हा प्रश्न तुमच्यापुढे येईल तेव्हा पालकांना दोष देण्याआधी हे उदाहरण आठवावं असं मला मनापासून वाटतं.

६. किती मुलांमागे किती शिक्षिका? हा तर साधा भागाकार आहे, त्याचं वेगळं शिक्षण कशाला?

नियमातला आकडा साधा असतो. अमेरिकेतली एनएईवायसी ही लहान मुलांच्या शिक्षणासाठी काम करणारी संस्था तान्ह्या बाळांसाठी चारांमागे एक आणि चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी दहांमागे एक मोठं माणूस सुचवते. इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण २०२३ मध्ये चारांवरून पाचांवर नेलं गेलं. भारताच्या २०१३च्या बालसंगोपन आणि शिक्षण धोरणात तीन ते सहा वर्षांसाठी विसांमागे एक आणि तीनच्या आतल्यांसाठी दहांमागे एक आहे. आकड्यांमधली ही दरी पाहूनच कळतं की नियम म्हणजे किमान मर्यादा. आपल्याला कुठे राहायचं ते आपण ठरवायचं.

खरा गुंता पुढे आहे. समजा चार वर्षांची ४० मुलं आहेत, प्रमाण दहांमागे एक, केंद्र दिवसाला १० तास उघडं. भागाकार सांगतो चार शिक्षिका. पण कुणीही १० तास काम करत नाही. आठ तासांच्या पाळीतला एक तास जेवण आणि तयारीत जातो, मुलांबरोबर सात उरतात. गरज आहे ४ गुणिले १०, म्हणजे ४० तासांची. ४० भागिले ७ म्हणजे ५.७. तर शिक्षिका हव्यात सहा. आता रजा धरा. प्रत्येकीची वर्षाला सगळ्या मिळून २५ दिवस रजा होत असेल तर सहा जणींचे १५० दिवस झाले. केंद्र २५० दिवस चालतं. रजा एकाच दिवशी आल्या नाहीत तर निम्म्याहून जास्त दिवस कुणीतरी गैरहजर असणार आहे. बदली शिक्षिका ही अडीअडचणीची सोय म्हणून सोडून भागत नाही, ती रोजच्या कारभाराचा भाग आहे. अनेक केंद्रांत हे गणित कुणी मांडलेलंच नसतं, आणि मग रोज सकाळी प्रमुख फोनवर माणसं शोधत बसतो.

सकाळच्या पहिल्या आणि संध्याकाळच्या शेवटच्या तासाला मुलं कमी असतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी सवलत मिळते. किती मिळते ते अंदाजाने ठरवू नये. दोन आठवडे दर अर्ध्या तासाला डोकी मोजून तक्ता करावा. चांगल्या अभ्यासक्रमात हा तक्ता प्रत्यक्ष करून घेतात.

७. पैशांचं काय? मुलं वाढली की नफा वाढतो ना?

नाही, आणि नव्या केंद्रांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. वरचंच उदाहरण घ्या. एका मुलाच्या महिन्याच्या शुल्काला एक ‘एकक’ म्हणू. भाडं, वीज, साहित्य, विमा मिळून १२ एकक. सहा शिक्षिकांचे प्रत्येकी ४ प्रमाणे २४. एकूण खर्च ३६. म्हणजे ३६ मुलं येईपर्यंत हातात काही उरत नाही. ४० जागांपैकी ९० टक्के भरल्यावर गाडी जेमतेम रुळावर. चाळीस भरली की ४ एकक शिल्लक.

आता ४१वं मूल आलं. गटांत दिवसभर पाचवं मोठं माणूस लागणार, म्हणजे आणखी १० तास, म्हणजे साधारण दीड जागा, म्हणजे ६ एकक. खर्च ४२ झाला, उत्पन्न ४१. एक मूल वाढलं आणि केंद्र तोट्यात गेलं. आधीचे ४ एकक पुन्हा शिल्लक पडायला ४६ मुलं हवीत. खर्च असा पायऱ्यांनी चढतो. ४१ ते ४५ मुलांच्या टप्प्यावर ‘थोडं सांभाळून घ्या’ असं शिक्षिकांना सांगण्याचा मोह होतो तो यामुळेच. (तो मोह वरून आला तर काय करायचं, ते प्रश्न १५ मध्ये.)

तान्ह्या बाळांचा विभाग याहून अवघड. चारांमागे एक आणि दहांमागे एक या प्रमाणांची तुलना केली तर एका बाळाला चार वर्षांच्या मुलाच्या अडीचपट मोठ्या माणसांचा वेळ लागतो. अडीचपट शुल्क देणारे पालक सहसा मिळत नाहीत. म्हणून बहुतेक केंद्रं मोठ्या गटाच्या शिलकीतून बाळांचा विभाग चालवतात, किंवा अनुदान शोधतात, किंवा तो विभाग उघडतच नाहीत. तीनही निर्णय समजून घेतलेले असावेत. नकळत झालेला निर्णय वर्षाच्या शेवटी कळतो.

८. पूर्ण ऑनलाइन केलं तर चालेल का?

अंदाजपत्रक, कायदे, धोरणलेखन हे विषय ऑनलाइन नीट शिकता येतात. प्रात्यक्षिक ऑनलाइन होत नाही. नोकरी करणाऱ्यांसाठी मिश्र पद्धत उत्तम: सिद्धांत घरून, प्रात्यक्षिक चालत्या केंद्रात, आणि महाविद्यालयाचा मार्गदर्शक तिथे येऊन पाहणारा. हा मार्गदर्शक नसेल तर ते प्रात्यक्षिक म्हणजे फुकट मदतनीस मिळवण्याची सोय होऊन बसते.

९. प्रात्यक्षिकात काय करायला मिळालं पाहिजे?

प्रमुखाच्या मागे सावलीसारखं फिरणं ही सुरुवात झाली. पुढे प्रत्यक्ष जबाबदारी हवी: एका आठवड्याचं पाळीपत्रक लावणं, एका शिक्षिकेचं वर्गनिरीक्षण करून तिच्याशी बोलणं, एका प्रवेशेच्छू कुटुंबाला केंद्र दाखवणं, आगीच्या सरावाची वेळ मोजून नोंद करणं, एखादं धोरण लिहून ते कर्मचाऱ्यांसमोर मांडणं.

धोरणलेखनाचं एक उदाहरण देते. बाळांना झोपवण्याचं धोरण. बाळ पाठीवर झोपवायचं, गादी घट्ट आणि सपाट, उशी नाही, सैल पांघरूण नाही. पाठीवर झोपवल्याने अकस्मात बालमृत्यूचा धोका कमी होतो आणि अमेरिकेत १९९४ पासून त्यासाठी मोहीम चालली. कागदावर हे चार ओळींचं आहे. पण आजी सांगते की आमचं बाळ पोटावरच झोपतं, आणि संध्याकाळच्या पाळीची मदतनीस तिचं ऐकते. धोरण लिहिणाऱ्याला या प्रसंगाचं उत्तर त्यातच द्यावं लागतं: कोणी काय बोलायचं, डॉक्टरांचं पत्र असेल तर काय, दर किती मिनिटांनी पाहायचं आणि कुठे लिहायचं. हे एकदा स्वतः केलं की बाकीची धोरणं वाचण्याची नजर बदलते.

१०. केंद्राचा दर्जा मोजता येतो का? की ते पाहणाऱ्याच्या मतावर अवलंबून असतं?

बऱ्यापैकी मोजता येतो, आणि या मोजपट्ट्या शिकणं हा अभ्यासक्रमातला फार कसदार भाग आहे. थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांची ‘ईसीईआरएस’ ही मोजपट्टी १९८० साली आली. प्रशिक्षित निरीक्षक काही तास वर्गात बसून जागा, साहित्य, संवाद, दिनक्रम यांना १ ते ७ गुण देतो. १ म्हणजे अपुरं, ७ म्हणजे उत्कृष्ट. ‘क्लास’ ही दुसरी पद्धत शिक्षिका आणि मुलं यांच्यातल्या देवाणघेवाणीवर लक्ष ठेवते. तिसरी, ‘पीएएस’, २००४ साली टेरी टॅलन आणि पॉला जॉर्ड ब्लूम यांनी खास कारभार मोजण्यासाठी केली: भरती, पगार, बैठका, नियोजनाला मिळणारा वेळ, हिशेब.

माझा सल्ला असा की आधी ‘पीएएस’सारखी पट्टी स्वतःला लावावी. वर्गाला गुण द्यायला सगळे उत्सुक असतात. शिक्षिकेला आठवड्यातून किती तास मुलांपासून दूर, पगारी तयारीला मिळतात, या प्रश्नाचं उत्तर लिहिताना मात्र हात थांबतो. आणि गुणांचा तक्ता बक्षीस-शिक्षेसाठी वापरू नये. तसं झालं की निरीक्षणाच्या दिवशी वर्ग सजतो आणि दुसऱ्या दिवशी साहित्य परत कपाटात जातं.

११. ‘लहान वयात घातलेला पैसा कित्येक पटींनी परत येतो’ असं माहितीपत्रकावर छापू का?

छापू नका. हे विधान ज्या प्रयोगावर मुख्यतः उभं आहे तो पेरी प्रीस्कूल प्रकल्प अमेरिकेतल्या इप्सिलँटी गावात १९६२ ते १९६७ या काळात झाला. त्यात १२३ मुलं होती, ५८ बालशाळेत आणि ६५ तुलनेसाठी बाहेर. मुलं अतिशय गरीब घरांतली. दर पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षक, रोज सुमारे अडीच तास शाळा, आणि शिवाय शिक्षक दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी जात. ही मुलं चाळिशीत पोचेपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला आणि शिक्षण, कमाई, गुन्हेगारी यांत फरक दिसला. प्रयोग मोलाचा आहे. पण तुमच्या केंद्रात एका ताईमागे वीस मुलं असतील आणि गृहभेटी नसतील, तर त्या निकालांवर तुमचा हक्क नाही.

उलट बाजूही माहीत असावी. टेनेसी राज्याच्या सरकारी बालशाळांच्या अभ्यासात, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार, सहावीपर्यंत त्या शाळांत गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा अभ्यासात मागे आणि शिस्तभंगात पुढे होती. बालशिक्षण नुसतं असून भागत नाही, ते कसं चालवलं जातं यावर सगळं अवलंबून असतं, हे या दोन अभ्यासांना शेजारी ठेवल्यावर दिसतं. व्यवस्थापन शिकण्याचं याहून मोठं कारण मला सांगता येणार नाही.

१२. शिक्षिका टिकत नाहीत. अभ्यासक्रमात यावर काही उत्तर असतं का?

पगार हे पहिलं कारण, आणि त्यावर गोड बोलून मार्ग निघत नाही. प्रश्न ७ मधलं गणित मांडल्यावर पगाराला किती जागा आहे ते निदान स्वच्छ दिसतं. त्यानंतर प्रमुखाच्या हातात बरंच उरतं. पाळीपत्रक दोन आठवडे आधी लागणं. जेवणाची सुट्टी खरोखर सुट्टी असणं. बसायला मोठ्या माणसांच्या मापाची खुर्ची. तक्रारखोर पालकापुढे प्रमुखाने आधी शिक्षिकेचं ऐकून घेणं. नव्या ताईला पहिल्या दिवशी एकटीला गट न देणं. सोडून जाणाऱ्या प्रत्येकीशी निघताना शांतपणे बोलून कारण लिहून ठेवणं.

लहान मुलासाठी ताई बदलणं ही नातं तुटण्याची घटना असते. दीड वर्षाचं बाळ ज्या मांडीवर शांत व्हायला शिकलं ती मांडी पुढच्या सोमवारी नसते. म्हणून शिक्षिका टिकवण्याच्या कामाला बालविकासाचंच काम समजावं.

१३. पालक विचारतात, ‘लिहायला कधी शिकवणार?’ काय सांगायचं?

त्यांची काळजी खरी आहे, ती उडवून लावू नका. ‘खेळातून शिक्षण’ हे शब्द ऐकून पालकांचं समाधान होत नाही, कारण त्यांना खेळ दिसतो, शिक्षण दिसत नाही. ते दाखवणं तुमचं काम. मुलाने ऑगस्टमध्ये काढलेलं चित्र आणि जानेवारीतलं चित्र शेजारी ठेवा. कणीक मळणं, मणी ओवणं, कात्रीने कापणं यातून बोटांत पेन्सिल धरण्याचं बळ कसं येतं ते हातात साहित्य देऊन समजवा. गोष्ट ऐकल्यावर मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी लिहून घरी पाठवा.

तुम्ही नमलात आणि साडेतीन वर्षांच्या मुलांना पानंच्या पानं गिरवायला लावलीत, तर वर्गातल्या ताईने जे शिकून घेतलं ते तुम्हीच मोडीत काढलंत असं होईल. प्रमुखाने इथे ढालीसारखं उभं राहायचं असतं.

१४. एखाद्या मुलाच्या बाबतीत अत्याचाराचा संशय आला, तर आधी आम्ही चौकशी करावी का?

करू नये. तपास करणं हे केंद्राचं काम नाही. अनेक देशांत मुलांबरोबर काम करणाऱ्या माणसाला संशय आला तरी कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. पुराव्याची वाट पाहायची नसते. भारतात मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्याखाली न कळवणं हा गुन्हा आहे. मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नका. ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहा, आणि ठरलेल्या यंत्रणेला कळवा.

संशय आपल्याच कर्मचाऱ्यावर असेल तर सगळ्यात कठीण जातं. ‘इतक्या वर्षांची ओळख आहे’ हा विचार मनात येणारच. म्हणून कार्यपद्धती आधी लिहिलेली हवी: त्या व्यक्तीला मुलांपासून ताबडतोब दूर ठेवणं, बाहेरच्या यंत्रणेला कळवणं, नोंद, गोपनीयता. हे प्रमुखाच्या त्या क्षणीच्या मनःस्थितीवर सोडू नये. कपडे बदलण्याची जागा उघड्यावर नसली तरी नजरेच्या टप्प्यात असणं, दारांना काचेची पट्टी असणं, मूल आणि एकच मोठं माणूस असे प्रसंग कमीत कमी येतील अशी पाळ्यांची आखणी, हे सगळं इमारतीच्या नकाशापासून सुरू होतं. कॉलेजचा अभ्यासक्रम निवडताना या विषयाला किती तास आहेत ते जरूर पाहा. एका व्याख्यानात उरकलं असेल तर दुसरं कॉलेज शोधा.

१५. मी प्रमुख आहे, मालक दुसरे आहेत. ते म्हणतात, ‘दोनच मुलं जास्त घ्या, काय फरक पडतो?’ मी काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात हळू आवाजात विचारला जातो. आधी त्यांचं ऐका, कारण त्यांच्यापुढे बहुधा खरीच आर्थिक ओढाताण असते. मग प्रश्न ७ मधला पायऱ्यांचा तक्ता तुमच्या केंद्राचे आकडे घालून समोर ठेवा. पुष्कळदा त्यांना हेच माहीत नसतं की दोन मुलांऐवजी दहा मुलं आणि दीड शिक्षिका असा प्रस्ताव अधिक फायद्याचा आहे, किंवा थकलेलं शुल्क वसूल केलं तरी तेवढीच रक्कम हाती येते. ‘नाही’ म्हणताना हातात पर्याय असणं, यासाठीच तर अंदाजपत्रक शिकायचं.

तरीही आग्रह राहिला तर परवान्यातली मुलांची कमाल संख्या आणि प्रमाणाचा नियम उद्धृत करून लेखी उत्तर द्या. तोंडी बोलणं झालं असेल तर त्याच दिवशी ‘आज आपलं असं बोलणं झालं’ अशी दोन ओळींची ईमेल पाठवा. अपघात झाला तर परवाना देणारे आणि विमा कंपनी दोघेही आधी त्या दिवसाची हजेरी आणि पाळीपत्रक मागतात, आणि पाळीपत्रकावर सही तुमची असते. दोन्ही कागद रोजच्या रोज खरे ठेवा. ते खोटे ठेवायला सांगितलं गेलं तर नकार द्या, आणि त्या क्षणापासून दुसरी नोकरी शोधायला लागा.